वाटणीत गेलेला पियानो

आमच्या गल्लीत तिला सगळे किल्ली म्हणत. तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे. तोंडावर ताई, आणि तेही जरा लांब उभं राहून.

नाव पडलं ते तिच्या हत्यारावरून. लाकडी मूठ, लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला चौकोनी खाच. ती खाच वाद्याच्या खुंटीवर बसवायची आणि केसभर पिळायची, की तार चढते; केसभर सोडायची, की उतरते. सूर लावायची ही किल्ली तिच्या एप्रनच्या खिशातून सदा डोकावत असे. बाजारात जाताना एप्रन उतरायचा, पण किल्ली पिशवीत जायची. भाजीवाला भाव सांगायच्या आधी पिशवीकडे बघून घेतो, असं लोक सांगत. लोक वाढवून सांगतात. तिच्या रागाचं मात्र कुणी वाढवून सांगितलेलं नाही, कारण त्यात वाढवायला जागाच नव्हती.

तो राग पत्र्यासारखा होता. सकाळी हात ठेवावा तर गार. ऊन चढलं की त्याच पत्र्यावर पाखरूसुद्धा बसत नाही.

तिच्याकडे येणारी वाद्यंही तशीच हट्टी. विजेवर चालणारी, पण आत खऱ्या तारा असलेली. पियानोसारखी पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते, तारेला थरार सुटतो, आणि तारेजवळ बसवलेला पिकअप तो थरार उचलून विजेच्या वाटेने स्पीकरपर्यंत नेतो. आता अशी वाद्यं कुणी बनवत नाही. जी आहेत ती म्हातारी झाली आहेत. काहींच्या हातोड्यांचं रबर वितळून डांबर होतं आणि तारेला चिकटून बसतं. काहींच्या तारांत विणलेली लोकर कसर खाते, मग एकदा वाजलेला सूर थांबायचं नावच घेत नाही. ती लोकर ओवताना किल्ली तोंडाने पुटपुटत असे. लांबून वाटायचं देवाचं नाव घेते आहे. जवळ गेलं की कळायचं, वाद्याच्या मागच्या मालकाला शिव्या देते आहे.

एकदा एक कॅफेवाला असंच एक वाद्य घेऊन आला. झाकणाच्या कोपऱ्यात एक चकचकीत स्क्रू होता.

"हे कुणी केलं?" किल्लीने विचारलं.

"झाकण खडखडत होतं हो. म्हणून मीच एक स्क्रू मारला. छोटासा."

"तुमचा दात हलला तर तिथेही मारता का छोटासा?"

कॅफेवाला हसला. ती हसली नाही.

"तार तुटली तर दुसरी घालता येते. वायर जळली तर दुसरी टाकता येते. लाकडाला पाडलेलं भोक मरेपर्यंत भोकच राहतं. ज्याने हे लाकूड तासलं त्याला हात जोडायचे सोडून तुम्ही त्यात खिळे ठोकता? बाहेर थांबा. तुमचं तोंड बघत मला सूर लागणार नाही."

आणि तो माणूस खरोखर बाहेर थांबला, उन्हात, स्वतःच्या वाद्याची वाट बघत. वाद्याला स्क्रू मारणारा माणूस हा तिच्या लेखी वाद्य हाताळण्याच्या लायकीचा नव्हता. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

हा धंदा तिच्या वडिलांचा. तीन मुलं, तर त्यांनी तिघांना कामाचे तीन तुकडे दिले. थोरल्याला तारा शिकवल्या: तांब्याची गुंडाळी कशी करायची, तार ओढायची कशी, हातोडीवर कातडं कसं चढवायचं. धाकट्याला वीज शिकवली. तो सोल्डरच्या धुरात वाढला. आणि मधल्या मुलीला सूर दिला. वडील म्हणत, "तिघांपैकी एक जरी रुसला तरी वाद्य मुकं. म्हणजे तुम्हाला रुसायची सोयच ठेवली नाही मी."

मुलांनी सोय करून घेतली.

वडील गेले आणि वर्ष सरायच्या आत दोघं भाऊ भांडले. कशावरून, असं विचारलं तर दोघं दोन वेगळी कारणं सांगत, आणि दोन्ही खरी होती. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. डावीकडे तारा, उजवीकडे वीज. पाटीचेही दोन तुकडे झाले. डाव्या दारावर 'जुनी व विश्वासू' राहिलं, उजव्या दारावर 'वाद्यदुरुस्ती'. भिंत इतकी पातळ की डावीकडे शिंकलं तर उजवीकडचा माणूस नाक पुसायचा. पण बोलणं बंद. वाद्य डाव्या दारातून निघायचं, रस्त्यावरून फिरून उजव्या दारात शिरायचं, आणि ते उचलून न्यायचं काम किल्लीचं. निरोपसुद्धा तिनेच न्यायचे.

"त्याला सांग, चौथ्या तारेखालची वायर ढिली ठेवलीय."

"भिंतीकडे तोंड करून म्हण, ऐकू जाईल. मी पोस्टमन नाही."

पण निरोप ती नेतच असे, कारण वाद्याचा काय दोष.

दुकानाची वाटणी तिने गिळली. घरातल्या त्या पियानोची वाटणी तिला गिळता आली नाही.

तो पियानो वडिलांचा नव्हता, आईचा होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आई तरुणपणी एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये संध्याकाळी वाजवायला बसायची. काळ्या रेक्झिनने मढवलेला, कोपऱ्यांना पोलादी टोप्या घातलेला तो विजेचा पियानो होता. वडील तिथे सूर लावायला जायचे. आईने त्यांना पहिलं वाक्य काय ऐकवलं म्हणाल, तर "तुमचा खर्ज लंगडतोय." हॉटेल बंद पडलं तेव्हा मालकाने तिला विचारलं, आठवण म्हणून काय नेणार? तिने पियानोवर हात ठेवला.

तो गावोगाव नेता यावा म्हणून बनवणाऱ्याने त्याच्या दोन पेट्या केल्या होत्या. खालच्या पेटीत पट्ट्या आणि हातोड्या. वरच्या पेटीत लोखंडी चौकट, तारा आणि पिकअप. वरची पेटी खालचीवर अलगद उतरवायची, बाजूचे खटके लावायचे, दोन्हींना जोडणारी केबल खोचायची, की झाला पियानो. उतरवताना पेटी जरा जरी कलली तरी हातोड्यांच्या काडीसारख्या दांड्या काटकन मोडतात. म्हणून आईवडिलांनी एक रीत घालून घेतली होती. मागचं टोक धरणाऱ्याने विचारायचं, "आलो?" पुढचं टोक धरणाऱ्याने खाली वाकून नीट बघायचं, आणि मगच म्हणायचं, "ये." ये ऐकल्याशिवाय बोटभरही खाली यायचं नाही. किती हॉलमध्ये, किती जिन्यांवर त्या दोघांनी हे म्हटलं असेल. मुलं तेच ऐकत मोठी झाली. घरात कपाट सरकवायचं असलं तरी आलो, ये.

वाटणीच्या दिवशी किल्ली एका गिऱ्हाइकाकडे गेली होती. भाऊ घरी आले, एक या खुर्चीत, एक त्या खुर्चीत. कपाट याला, शिलाई मशीन त्याला, असं करत पियानोपाशी अडले. दोघांनाही हवा. तेव्हा धाकट्याने उठून खटके उघडले आणि तो भिंतीकडे बघत म्हणाला, "यात अडायचं काय आहे? या दोनच तर आहेत."

"वरची माझी," थोरला म्हणाला. "तारांचं काम माझं."

"खालची माझी. आणि वीजही."

आई त्या वेळी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा करत होती. कप घेऊन बाहेर आली तर खोलीत पियानो नव्हता; हमाल दोन्ही पेट्या उचलून घेऊन गेले होते. जमिनीवर पायांचे चार खळगे होते.

किल्ली परतली तेव्हा आई त्या खळग्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती. शेजारी चहा गार झालेला.

"आई, तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं होतं वाटण्या मेल्यावर होतात. म्हटलं, बहुतेक मी मेले असेन, मलाच कळलं नसेल."

त्या दिवसापासून आईने दोन्ही मुलांना चहा विचारणं सोडलं. मुलं येत, बसत, जात. ती पाणी देई. फक्त पाणी.

असे कितीतरी हिवाळे गेले. वरची पेटी थोरल्याच्या पोटमाळ्यावर, खालची धाकट्याच्या जिन्याखाली. एक आवाज करू शकत नव्हती, दुसरीला आवाजच नव्हता. किल्ली अधूनमधून थोरल्याच्या माळ्यावर चढून तारा नखाने छेडून बघे, उतरलेल्या जरा वर घेई. तारांचा ताण गेला की चौकट वाकडी होते, ही तिला भीती. थोरली वहिनी खालून ओरडे, "अहो ताई, ती वाजतच नाही, तर सूर कशाला लावता?"

"तुमचे मालक तरी कुठे वाजतात? तरी तुम्ही त्यांना जेवायला घालताच ना?"

वहिनी पुन्हा विचारत नसे.

मग आईच्या बोटांचं सुरू झालं. आधी करंगळी आत वळली, मग तिच्या शेजारचं बोट. डॉक्टरने सांगितलं, "हात टेबलावर पालथा ठेवा." आईने ठेवला. तळहात टेकेना. हात आणि टेबल यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता.

"आतली शीर आखडत चाललीय," डॉक्टर म्हणाला. शीर म्हणजे नेमकी शीर नव्हे, पण आईला कळावं म्हणून तसं म्हणाला. "ऑपरेशन होतं, पण या वयात मी खात्री देणार नाही. बाकीची बोटंही ओढली जातील. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मूठ होईल."

घरी येताना आई रस्त्यात म्हणाली, "मूठ झाली तर बरंच आहे. दोन हात, दोन मुठी. दोघांना एकेक वाटून देता येईल."

किल्लीला हसू आलं नाही. दारात चप्पल काढताना आई पुन्हा बोलली. या वेळी आवाज बारीक होता. "बोटं आहेत तोवर एकदा बसायचं होतं गं त्याच्यापुढे. एकदाच."

चप्पल काढायला वाकलेली किल्ली तशीच उठली आणि दुकानाकडे निघाली.

ती आधी डाव्या दारात शिरली. थोरला तारेला तांबं गुंडाळत होता.

"रविवारी दुपारी पेटी घरी आण. आईला एकदा वाजवायचंय. तिची बोटं मिटत चाललीत."

थोरल्याचा हात थांबला. चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्याने विचारलं, "त्याने आणली?"

"त्याला अजून विचारलेलंच नाही."

"मग आधी त्याला विचार. त्याची आली की माझी आली म्हणून समज."

भिंतीपलीकडून आवाज आला, "ताई, त्याला म्हणावं, मी थोरला नाही. आधी थोरल्याने आणायची असते."

"बघ! बघ!" थोरला भिंतीकडे बोट करून म्हणाला. "हे असं आहे!"

"अरे तुमची आई आहे ती!" किल्ली ओरडली. "कुणी सायकल मागत नाही तुमच्याकडे!"

"मी नाही कुठे म्हणतोय?" दोन्हीकडून एकदम आलं. शब्द न् शब्द तोच. इतक्या वर्षांत दोघं एका सुरात पहिल्यांदा बोलले होते, आणि तेही असं.

किल्लीने खिशातलं हत्यार काढलं. थोरला एक पाऊल मागे सरला. तिने ती किल्ली त्याच्या नाकासमोर धरली. "ही बघून ठेव. पियानो जोडून आईपुढे येईपर्यंत तुमच्या एकाही वाद्याला ही लागणार नाही. तारा घाला, वीज घाला, आणि मुकी वाद्यं मांडीवर घेऊन बसा."

"मुकी का? वाजतील की," पलीकडून धाकटा म्हणाला.

"वाजतील. कुत्री जमतील ऐकायला."

आणि तिने खरंच काम सोडलं. दोन्ही दुकानांत दुरुस्त झालेली, पण सूर न लागलेली वाद्यं साठत गेली. थोरल्याने मोबाइलवर सूर दाखवणारं काहीतरी उतरवून घेतलं आणि स्वतःच खुंट्या पिळल्या. अडचण अशी की या वाद्यांच्या तारा आखूड असतात. आखूड जाड तार थोडं खोटं बोलते. तिच्या खोट्याला जुळेल असा खर्ज जरा खाली आणि वरचे सूर जरा वर घ्यावे लागतात, आणि ते किती, हे प्रत्येक वाद्याचं वेगळं. मोबाइल म्हणाला सगळं बरोबर, आणि वाद्य असं वाजलं की जणू दोन नावडत्या पाहुण्यांना एकाच बाकावर बसवलंय. कॅफेवाला ते परत घेऊन आला. "मला ती रागीटवालीच पाहिजे," म्हणाला. थोरल्याने ते वाद्य गुपचूप भिंतीपाशी ठेवून दिलं.

किल्ली घरी बसून होती. घरी बसणं तिला जमत नसे. तिने दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, शेजाऱ्यांच्या दारांच्याही घातलं, न विचारता. आई खिडकीत बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं मागे ओढत राही, आणि बोटं पुन्हा आत जात. ते बघितलं की किल्लीच्या जबड्याची हाडं दिसत.

शेवटी रविवार ठरला. कुणी ठरवला हे कुणी मान्य करत नाही. दोन टेम्पो आले, गल्लीच्या दोन टोकांकडून, म्हणजे एकमेकांच्या मागे यायला नको. हमालांनी पेट्या घरात आणल्या. खालची पेटी त्याच जुन्या खळग्यांवर पाय रोवून बसली. वरची त्यांनी दाराशी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "पुढचं नाजूक काम आहे म्हणता, तर तुमचं तुम्ही बघा." दोन्ही टेम्पो निघून गेले.

खोलीत चौघं उरले. आई खुर्चीत. किल्ली खालच्या पेटीपाशी गुडघ्यावर. आणि दोघं भाऊ, मधे ती काळी पेटी.

दुसरा उपाय नव्हता. थोरल्याने मागचं टोक धरलं, धाकट्याने पुढचं. पेटी उचलली, चालत आणली, खालच्या पेटीच्या वर धरली. लोखंडी चौकटीचं वजन म्हणजे काय, ते दोघांच्या मानेवरच्या शिरा सांगत होत्या. आणि आता रीत होती. मागच्याने विचारायचं.

थोरल्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

धाकटा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"बोल ना रे," किल्ली खालून म्हणाली. "दिसतंय मला. सरळ आहे. बोल."

थोरल्याने घसा साफ केला.  तो म्हणाला, "ताई, त्याला विचार, येऊ का."

"मी पोस्टमन नाही!" किल्ली इतक्या जोरात ओरडली की पेटीतल्या तारा आपोआप गुणगुणल्या.

"आवाज चढवू नकोस, हात सुटेल," धाकटा म्हणाला, कॅलेंडरला.

"सुटू दे! मोडू दे सगळं! मेल्यांनो, तुमच्या बापाने जन्मभर तिला विचारलं, आलो का म्हणून. तुम्हाला एक शब्द जड झाला?"

 आई खुर्चीतून उठली, त्या वाकड्या बोटांचा हात पुढे केला, आणि पेटीच्या कडेखाली घातला. जणू ती पेटी ती पेलणार होती.

"आई, हात काढ!" थोरला किंचाळला. त्याची पकड घसरली, मागचा कोपरा वीतभर खाली आला. "आलो! अरे आलो, आलो!"

"थांब, आईचा हात! आई, काढ! काढला... ये. ये दादा. हळू. ये."

पेटी बसली. आतून एकही काटकन आवाज आला नाही. किल्लीने खटके लावले आणि कपाळ पेटीला टेकवून क्षणभर तशीच राहिली.

इतक्या वर्षांनी धाकट्याच्या तोंडून दादा शब्द निघाला होता. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर इथे दोघं भाऊ गळ्यात पडले असते. इथे थोरला हात झटकत म्हणाला, "तुझी बाजू वाकडी होती."

"माझी? तू बायकांसारखं नाजूक धरलंस!"

"बायकांसारखं धरलं असतं तर घसरली नसती," आई म्हणाली. "गप्प बसा आता. तिला सूर लावू द्या."

दुपारभर किल्लीने सूर लावला. रबराची पाचर दोन तारांत खोचायची, तिसरी वाजवायची, पिळायची, ऐकायची, पाचर काढायची. एकेक खुंटी कुरकुरत जागेवर येत गेली. भाऊ खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसून होते. ते बोलत नव्हते, पण तार चढत चढत नेमक्या जागी आली की दोघांच्या माना एकाच वेळी हलत, आणि ते लक्षात येताच दोघंही मान ताठ करून घेत. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत पियानोच्या पायाशी आलं.

मग आई बसली.

तिने सुरुवातीला नुसते खर्ज दाबून बघितले. मग हॉटेलातल्या त्या संध्याकाळच्या नाचाची चाल धरली. उजव्या हाताची दोन बोटं आत दुमडलेली, त्यामुळे दर चार सुरांनंतर एक सूर गळत होता, आणि ती त्या गळलेल्या सुराच्या जागेवर थांबत नव्हती. भोकावरून उडी मारावी तशी पुढे जात होती. चाल नाचाची होती, पण आई ती वाजवत होती ती दार आपटल्यासारखी. कातड्याच्या हातोड्या तारांवर आदळत होत्या. स्पीकर फुटेल असं वाटत होतं. गल्लीत लोक दारांत येऊन उभे राहिले. मीही राहिलो. इतका राग इतका सुरात मी पुन्हा ऐकला नाही.

ती थांबली तेव्हा कपाळावर घाम होता आणि गाल लाल झाले होते. वीस वर्षांनी तरुण दिसत होती.

"पुन्हा उद्या," ती म्हणाली.

 धाकटा खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला. "उद्या? पण टेम्पो संध्याकाळी परत येणार आहे ना. म्हणजे... एकदाच म्हणाली होती ना आई."

"हो," थोरला म्हणाला. "माझी मला न्यावी लागेल. त्याची इथे राहणार असेल तर ठेवतो, पण त्याची जाणार तर माझीही..."

"माझी आधी का जाईल?"

"मग माझी का?"

धाकटा उठला आणि सवयीने त्याचा हात खटक्याकडे गेला.

किल्ली स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ड्रिल होतं आणि ओठांत चार लांब स्क्रू धरलेले. कुणाला काही कळायच्या आत तिने धाकट्याला खांद्याने बाजूला लोटलं, ड्रिल वरच्या पेटीच्या कडेला टेकवलं आणि दाबलं.

काळं रेक्झिन फाटलं. आतल्या लाकडाचा पिवळा भुसा जमिनीवर पडायला लागला. वरच्या पेटीतून खालच्या पेटीत आरपार.

"ताई! अगं काय करतेस!" थोरला धावला. "लाकूड! बाबांनी त्याला कधी साधा खिळा..."

ती बोलू शकत नव्हती, तोंडात स्क्रू होते. एक काढला, भोकात बसवला, पिळला. लाकूड कण्हलं. एका ठिकाणी कडेला तडा गेला, नखाएवढा, मग बोटाएवढा. तिचे डोळे भरून आले होते आणि हात थांबत नव्हता. दुसरा. मग पलीकडे जाऊन तिसरा. चौथ्याला तिने ड्रिल बाजूला ठेवलं आणि तो हाताने, मनगट दुखेपर्यंत, शेवटपर्यंत पिळला. मग चारही डोक्यांच्या खाचा ड्रिलने झिजवून टाकल्या, म्हणजे कुणाला ते उलटे पिळता येऊ नयेत.

"आता आतली हातोडी मोडली तर?" धाकटा हळूच म्हणाला. "उघडणार कसं? बदलणार कसं?"

"नाही बदलणार."

"म्हणजे कायमचं..."

"आईच्या बोटांपेक्षा हातोड्या जास्त टिकतील," किल्ली म्हणाली. "तेवढं पुरे आहे. त्यानंतर कुऱ्हाड आणा आणि मधोमध करा वाटणी. वरची-खालची नाही, उभी करा. म्हणजे दोघांना तारा मिळतील आणि दोघांना पट्ट्या."

दोघं त्या स्क्रूंकडे बघत राहिले. चार चकचकीत डोकी, काळ्या रेक्झिनमध्ये. थोरल्याने पुढे होऊन तड्यावरून अंगठा फिरवला. कातडं चढवताना फिरवतो तसा. धाकट्याने जमिनीवरचा भुसा तळहातावर गोळा केला, आणि तो कुठे टाकायचा हे न कळून तसाच उभा राहिला.

टेम्पोवाल्याने बाहेर हॉर्न दिला. मग दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्याने दिला.

आई पियानोपुढून उठली नव्हती. तिने दुमडलेल्या बोटांनी पेटीवर उडालेला भुसा झटकला, वळून मुलांकडे एकदा बघितलं, आणि मग लेकीकडे.

"चहा टाक," ती म्हणाली. "दोनच कप. यांना पाणी."